बाथरूमची कडी मीच लावली होती

मित्रहो, शेजारच्या वैभवने आपल्या ग्रुपवर ‘काका बाथरूममध्ये अडकले, कडी बसली’ असे लिहिले आहे. ते चूक आहे. कडी मीच लावली होती. मी स्वतः नळ बदलतो आहे, हे पत्नीला दिसू नये, एवढाच हेतू होता.

गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद न करताच मी पाना फिरवला आणि नळ भिंतीतच तुटला. दोन्ही हातांनी भोक दाबून उभा राहिलो. सोडले असते, तर टाकी रिकामी झाली असती. पाणी आता परवा येणार.

“अहो, दार काऊन नाई उघडत?”

“हात गुंतले आहेत. वरचा व्हॉल्व्ह बंद करायला हवा.”

“वैभवले बोलावू?”

“नको. तो गावभर सांगेल.”

“मंग मीच जातो.”

तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. डॉक्टरांनी जिना वर्ज्य सांगितला आहे. मी ओरडलो, पण ती निघाली होती. एक पायरी, मग विसावा, पुन्हा एक पायरी. मी भिंतीला खिळून ऐकत राहिलो. व्हॉल्व्ह तिनेच बंद केला; तिला खाली मात्र वैभवनेच धरून आणले.

‘नळ आजच बिघडला’ हेही त्याचे विधान चूक आहे. दुरुस्ती अशी:

रविवार: नळ गळू लागला.
सोमवार: प्लंबरला बोलवा, असे ती म्हणाली. मी नको म्हटले.
बुधवार: ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा नको म्हटले.
आज, शुक्रवार: ती जिना चढली.