आत्याबाई घरी होत्या

देशात काहीही मोठं घडलं, तरी आत्याबाई घरी, नाहीतर शेतातच असायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आरमोरीजवळच्या आमच्या गावात नव्वदी ओलांडून जगल्या आणि गेल्या उन्हाळ्यात वारल्या. टीव्हीवर झेंडावंदन लागलं की माझा मुलगा मुद्दाम विचारायचा, "आजी, स्वातंत्र्य आलं तवा तू कुठी होती?"

"धानाच्या बांधीत, चिखलात. रोवना सुरू होता," त्या म्हणायच्या. "मालकानं सांगतलं, सुराज्य आलं. मी म्हनलं, येऊ द्या, त्या रोपाच्या पेंड्या इकडं फेका."

पण छप्पनच्या दीक्षेचा विषय निघाला की त्यांचा चेहरा उतरायचा. सगळं गाव नागपूरला निघालं होतं, कोणी बैलबंड्या जुंपून, कोणी पायी. धान निसवलेलं, रानडुकरं रोज बांधीत शिरत होती, त्यात म्हैस व्यायला आलेली. माझे सासरे त्यांना म्हणाले, "तू राय घरी. पुढच्या वर्षी नेतो." त्या राहिल्या. गाव बौद्ध होऊन परतलं. यांना दीक्षा मिळाली ती अंगणात, नवऱ्याच्या तोंडून. देव्हारा मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं रिकामा केला.

पुढचं वर्ष काही येईना. कधी बाळंतपण, कधी धानाची राखण, कधी घरातलं कोणी तापानं फणफणलेलं. जिल्हा फुटला, आम्ही चांद्याचे गडचिरोलीचे झालो, गावात वीज आली. बाकीचे दसऱ्याला नागपूरला जाऊन येत राहिले. "तुमी जाऊन या. घरी कोनीतरी पायजेच," हे त्या इतक्या थकल्या आवाजात म्हणायच्या, की आग्रह करायलाही जीव धजत नसे. कधीकधी मला रागच यायचा. "घर का पळून जाते का, आत्याबाई?" मी म्हणायची. "तुले नाई समजत, बाई," म्हणून त्या पुन्हा तांदूळ निवडायला बसायच्या.

शेवटी मीच कंटाळले. त्या गेल्या त्याच्या आदल्या दसऱ्याला मी घराला कुलूप लावलं, मुलाला सुट्टी घ्यायला लावली आणि त्यांना जीपमध्ये बसवलं. दीक्षाभूमीवर तर मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत्याबाईंनी फाटकाबाहेरच बसकण मारली.

"माहे पाय नाई चालत आता. तुमी जा. थैल्या मी पायतो."

मी थैल्या त्यांच्या हातातून ओढून घेतल्या. "आज मी बसतो. तुमी जा."

मुलानं त्यांना दंडाला धरलं आणि दोघं गर्दीत दिसेनासे झाले. बऱ्याच वेळानं परतले. आत्याबाईंचा पदर सुटला होता, चेहरा घामानं निथळत होता. मी पाणी दिलं आणि विचारलं, काय काय पाहिलं?

"का पायतो, बाई? लोकायच्या पाठी पायल्या."

त्यांनी घोटभर पाणी घेतलं, पदर सारखा केला.

"पन आत होती मी."