गुडमारवाला

वणी रोडवरचा आमचा पंक्चरवाला बोलायला लागला की ट्यूबमधली हवासुद्धा ऐकायला थांबते. साखरेची बिमारी निघाल्यापासून तो गुडमार नावाच्या वेलीची पानं बकरीसारखी चघळत असतो आणि येईल त्या ट्रकवाल्याला पकडून सांगतो, "यात जिम्नेमिक ॲसिड राह्यते भाऊ. ते जिभेवर बसलं का गोड म्हणून काही कळतच नाही!"

परवा त्यानं डॉक्टरची गोळी घेतली, वरून मूठभर पानं चघळली आणि जेवण टाळलं. भर दुपारी गडी वर्धा नदीतून निघाल्यासारखा घामानं ओलाचिंब, हात लटलट कापताहेत. साखर पार उतरली होती. शेजारच्या चहाच्या टपरीवरची साखर आणून मी त्याच्या तोंडात कोंबली, तर त्यानं ती माझ्याच शर्टावर थुंकली.

"रेती काहून चारून राह्यला बे मले?"

दुसरा चमचाही थुंकला. डोळे फिरायला लागले. तेवढ्यात त्याची बायको धावत आली, त्याचा जबडा धरून ओरडली, "रेती तं रेती! गिळा मुकाट्यानं!"

त्यानं गिळली. थोड्या वेळानं शुद्धीवर आला. मी अजून शर्टावरची साखर झटकत होतो, आणि हा पठ्ठ्या माझ्याकडे पाहून हसला.

"पाह्यलं? किती असरदार पान आहे!"