बू वुर यांची फाटक्या तोंडाची शिफारस

आमच्या गल्लीत बोलवा होती की बू वुर, म्हणजे आमच्या पुस्तकवाल्या वुरबाई, नव्या पुस्तकाचं प्लास्टिक फाडतात, पुस्तक वाचून काढतात, आणि हेअर ड्रायरने प्लास्टिक पुन्हा चिकटवून कोरं म्हणून विकतात. ही बोलवा मी उठवली असं त्या म्हणतात. साफ खोटं. मी ती फक्त पुढे ढकलली, आणि ढकलताना हेअर ड्रायर तेवढा घातला.

खरी गोष्ट अशी की प्लास्टिक त्या फाडतात, पण दिवसाढवळ्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. आमच्याकडे नवं पुस्तक येतं ते घट्ट वेष्टनात. मोठ्या दुकानात ते नखाने जरा उचकटलं तरी पहारेकरी खाकरतो. आंबा हुंगून घ्यावा, कापड चुरगळून बघावं (मी शिंपीण, मला विचारा), आणि पुस्तक तेवढं डोळे मिटून न्यावं, हे बू वुर यांना पटत नाही. म्हणून दर नव्या पुस्तकाची एक प्रत त्या फोडतात, स्वतः वाचतात, आणि तिच्याशेजारी आपल्या अक्षरात एक कार्ड ठेवतात. 'नायिका फार रडते. नवरा बघितल्यावर कारण कळतं.' 'पाककृतींचं पुस्तक. लेखकाने जन्मात मिरची कुटलेली नाही.'

आमच्या सालातिगा गावात असं कुणी बोलत नाही. इथे शेजाऱ्याची कोंबडी आपल्या ताटात चढली तरी आम्ही आधी तिच्या तब्येतीची चौकशी करतो.

मध्य जावातल्या बारा छोट्या दुकानदारांनी मिळून एक यादी काढायचं ठरवलं. नवी पुस्तकं, स्वतः वाचलेली, मनापासून आवडलेली, दुकानागणिक एक. अकरा वर्षं दुकान चालवून बू वुर यांना अशा कामात पहिल्यांदाच कुणी विचारलं. चार दिवस बाई माझ्याशी भांडल्यासुद्धा नाहीत, नुसत्या वाचत होत्या. शेवटी निवडली ती वोनोसोबोच्या बसस्थानकावर तिकिटं देणाऱ्या एका बाईची पहिलीवहिली कादंबरी. शिफारस लिहिली: 'पहिली तीस पानं कंटाळवाणी आहेत. पुढे मात्र भात करपला तरी उठवत नाही.'

यादी जुळवणारा दानांग, समारांगचा तरुण दुकानदार, धावत आला. बू वुर यांनी त्याच्यापुढे चहा आणि टेंपेची, म्हणजे सोयाबीनच्या तळलेल्या कापांची, बशी सरकवली.

"बू, वाक्य सुंदरच आहे. फक्त सुरुवातीला 'कथा हळूहळू उलगडते' असं केलं तर?"

"उलगडत नाही रे. धुक्यात बस अडकते आणि तीस पानं अडकूनच राहते. टेंपे घे."

"प्रकाशकांना वाईट वाटेल, बू."

"मला वाचताना वाटलं नाही का? जसंच्या तसं छापशील ना?"

"इंगिह, बू."

इंगिह म्हणजे हो. पण समोर आईच्या वयाची बाई आणि तोंडात तिचंच तळण असताना जावाच्या पोराला होशिवाय दुसरं काही फुटत नाही. असले हो बहुधा गल्लीच्या टोकापर्यंत टिकतात. बू वुर काय कालच्या आहेत? दानांगची मोटारसायकल सुरू व्हायच्या आत त्यांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून दारावर लावलं, खाली 'दानांग यांनी मान्य केल्याप्रमाणे'. आता नाही म्हणणं म्हणजे भर रस्त्यात वडीलधाऱ्या बाईला खोटं पाडणं. बिचाऱ्याने छापलं.

यादी निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, जोगजाहून अंजानी आली. घराच्या पुढच्या खोलीत प्रकाशन चालवणारी पोर, या कादंबरीच्या तीनशे प्रती तिनेच काढलेल्या, त्यातल्या, फोडलेली सोडून, चाळीस बू वुर यांच्याकडे.

"बू, ही शिफारस आहे की पंचनामा?"

"दोन्ही. पुस्तक चांगलं आहे."

"मग रविवारपर्यंत चाळीस खपवून दाखवा. नाहीतर मी गठ्ठा उचलीन, आणि बाराही दुकानांना सांगेन, यादीत या बाईंना पुन्हा घेऊ नका."

बू वुर यांनी चाळीस प्रती पुन्हा मोजायला घेतल्या. मी मात्र पाहिलं, त्या दिवशी त्यांचा जेवणाचा डबा तसाच घरी गेला. अकरा वर्षांनी मिळालेली जागा चार दिवसांत जायची पाळी.

शुक्रवारी दुपारपर्यंत दोन प्रती गेल्या. लोक दारावरचं वाचत, हसत, पुढे जात. दवाखान्यातली नर्स तर म्हणाली, "कंटाळा सहन करायला मला घरी नवरा आहे, बू."

तेव्हा बू वुर माझ्या दुकानात शिरल्या. हातात ती फोडलेली प्रत.

"जाड सुई आहे ना? एकतिसाव्या पानापासून शेवटापर्यंत शिवून टाक."

"पुस्तक शिवू? त्यापेक्षा तुमचं तोंड शिवते. गल्ली आशीर्वाद देईल."

"आधी पुस्तक शीव. टाका घट्ट घाल, या गावात बोटं फार लांब आहेत."

मी शिवलं. त्यांनी जांबाच्या झाडाखाली बाक ओढला, वर प्रत ठेवली आणि पाटी लावली: 'कंटाळा इथे, फुकट. एकतिसावं पान घरी नेऊन.'

पहिले बसले निवृत्त पोस्टमास्तर सारवोनोकाका, इथल्या भाषेत पाक सारवोनो. बाराव्या पानावर जांभई, विसाव्यावर डुलकी. तिसावं संपलं तसे ताठ झाले आणि टाक्यांतून डोळा घालू लागले.

"बू, धुक्यातून तिला हाक मारली कुणी?"

"ते प्लास्टिकच्या आत आहे, पाक."

"निदान पुरुष की बाई?"

"तेही आतच."

म्हातारा प्रत घेऊन गेला आणि तासाभरात बायकोला घेऊन परत आला, कारण घरात एका प्रतीवरून जुंपली होती. मग बाकावर रांग लागली. माझ्याकडे कपडे शिवायला आलेल्या बायकासुद्धा मापं द्यायची सोडून तिथे जांभया देत बसल्या. नर्स आली, तिने नवऱ्यालाही शेजारी बसवलं. शनिवारी दुपारी चाळिसावी प्रत गेली. समारांग, मगेलांग, सगळीकडून दानांगला एकच विचारणा: ते कंटाळवाणं पुस्तक आहे का? बाराही दुकानांतले गठ्ठे संपले. यादीतली बाकीची अकरा पुस्तकं हृदयस्पर्शी होती; ती अजून हृदयाला स्पर्श करत कपाटात उभी आहेत.

रविवारी अंजानी रिकामी पोती घेऊन आली. गठ्ठा कुठला! झाडाखाली पाच माणसं एका शिवलेल्या पुस्तकावर वाकलेली, आणि दारात दानांग, पुढच्या यादीचा पहिला क्रमांक बू वुर यांनाच द्यायला आलेला. या खेपेला टेंपेची बशी त्याने स्वतःच आणली होती. अंजानीने पोती घडी करून पाठीमागे लपवली.

"बू, दुसरी आवृत्ती काढतेय. दोन हजार. मागच्या बाजूला तुमचं वाक्य घालीन म्हणते... म्हणजे, जागा कमी आहे, तर फक्त दुसरा अर्धा भाग."

बू वुर यांनी चष्मा पुसला.

"जागा कमी असेल तर पहिला अर्धा छाप. दुसरा लोक आपापसांत सांगतात."