गुरुवारची सतरंजी

आमच्या चर्चच्या मंडळीत दर गुरुवारी संध्याकाळी घरसभा असते. एकेका घरी सगळे जमतात, पेटीवर गीतं होतात, पाळकसाहेब वचन वाचतात, त्या घरासाठी प्रार्थना होते आणि मग चहा-चिवडा. पाळी घरांच्या रांगेनं फिरते. कुणाची ते रविवारी उपासनेत जाहीर होतं आणि त्या घरच्या बाईची मान आठवडाभर ताठ असते. गाव लहान, मंडळी त्याहून लहान. वीस-बावीस घरं.

एवढी माणसं मावतील अशी सतरंजी फक्त आमच्याकडे होती, बाबांनी हौसेनं घेतलेली. त्यामुळे पाळी कुणाचीही असो, सतरंजी आमची. बुधवारी त्या घरचं कुणीतरी यायचं, दोन घटका बसायचं आणि खांद्यावर टाकून न्यायचं. बाबा गेल्यावर आई एकटी पडली, पण बुधवार कधी सुना गेला नाही.

सहा वर्षांपूर्वी मी महागावकडच्या तांड्यावरच्या एका बंजारा मुलाशी कोर्टात लग्न केलं. त्यानं बाप्तिस्मा घ्यावा असं मला वाटलं नाही, आणि तसं मी पाळकसाहेबांना तोंडावर सांगितलं. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. पण मी राहते यवतमाळला. मला कोण काय करणार? शिक्षा आईला झाली.

त्याच महिन्यात आमच्या अलीकडच्या घरी सभा झाली. पुढचा गुरुवार आमचा. आईनं शनिवारीच चिवडा करून ठेवला, ठेवणीतल्या कपबशा काढल्या. रविवारी जाहीर झालं ते पलीकडच्या घराचं नाव. काहीतरी चुकलं असेल, असं आईला वाटलं. पुढच्या फेरीतही तीच चूक झाली, तेव्हा तिला कळलं.

कुणी भांडलं नाही. आमच्या लोकांना भांडणाचं वावडं. चर्चच्या दारात सलाम व्हायचा, आईच्या गुडघ्यांची चौकशी व्हायची. प्रार्थनेत आजाऱ्यांच्या यादीतही ती असायची. फक्त पाळी यायची नाही. आणि बुधवारी सतरंजी न्यायला मात्र माणूस दारात हजर. घर बाटलेलं, सतरंजी सोवळी. मला फोनवर हे कळायचं तेव्हा तळपायाची आग मस्तकात जायची.

तसं पाहिलं तर रागवायचा मला फारसा हक्क नाही. मी दहावीत असताना एका घरातलं नवरा-बायकोचं भांडण पोलिसांपर्यंत गेलं होतं. त्या घराचीही पाळी अशीच गळाली. तेव्हा त्यांच्या दारावरून पुढच्या घरी सतरंजी मीच नेली. आईनंच धाडलं होतं. त्या घरची बाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि मी पाय उचलला. हे मी आईला कधी बोलून दाखवलं नाही. तीही बोलली नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत गेले तर आई अंगणात सतरंजी झटकत होती. बुधवार होता. मी तिला ठणकावून सांगितलं की आता पुरे, आजपासून द्यायची नाही, मागायला कोण येतं ते मी बघते. आई झटकतच राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही देल्ली तं मंग घ्यायले तरी कोन येईन आपल्या घरी?"

मी सतरंजीचं दुसरं टोक धरलं आणि झटकू लागले.

नाताळात मंडळीनं प्लास्टिकच्या खुर्च्या घेतल्या. म्हाताऱ्या माणसांना खाली बसवत नाही म्हणून. तेव्हा उदाहरण म्हणून आईच्याच गुडघ्यांचं नाव घेतलं गेलं म्हणे. त्यानंतर बुधवारी आमच्याकडे कुणी आलं नाही.

गेल्या गुरुवारी मी न कळवता गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. पुढच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंजी अंथरलेली, आणि तिच्या एका कडेला आई एकटीच बसून गीत म्हणत होती. मला पाहून ती थांबली नाही. एवढी मोठी सतरंजी सगळी रिकामी होती, तरी मला जागा व्हावी म्हणून ती जराशी सरकली.