आप्पांनी दिलेली साक्ष

आमच्या रामनगरच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी उपदेशाच्या आधी साक्षीची वेळ असते. आठवडाभरात प्रभूनं आपल्यासाठी काय केलं, हे ज्याला सांगायचं असेल त्यानं उभं राहून सांगायचं. लहानपणापासून मी त्या साक्षी ऐकत आले. कुणाच्या मुलाला गोव्यात नोकरी लागलेली असायची, कुणी नवी मोटरसायकल घेतलेली असायची, कुणाच्या घरावर स्लॅब टाकून झालेला असायचा. सगळे आनंदानं ‘आमेन’ म्हणायचे. माझे आप्पा मात्र कधी उभे राहिले नाहीत. खिडकीजवळच्या बाकावर बसून ते सगळ्यांचं मन लावून ऐकायचे. गाणं सुरू झालं की त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा.

आमचं गाव रामनगरपासून आत, जंगलाला लागून. आजोबा खानापूरकडून लाकडाच्या डेपोत कामाला आले आणि इथंच राहिले. गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. थोडी भातशेती आणि एक म्हैस, एवढ्यावर सगळं चालायचं. दूध आप्पा रामनगरच्या एका हॉटेलात घालायचे आणि माझ्या कॉलेजचा खर्च त्यावरच निघायचा. आई त्या म्हशीशी आमच्यापेक्षा जास्त बोलायची.

मी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते, तेव्हा वाघानं ती म्हैस मारली. चरायला गेलेली ती संध्याकाळी परतलीच नाही. सकाळी आप्पा आणि शेजारचे काका शोधायला गेले, तर ओढ्याच्या पलीकडे पडलेली दिसली. फॉरेस्टचा गार्ड येऊन पंचनामा करून गेला. आई रिकाम्या गोठ्यात जाऊन बसली ती दुपार कलली तरी उठली नाही.

त्याच संध्याकाळी शेजारची काकी तांब्याभर दूध घेऊन आली. “पोरीच्या च्याला तर लागंल की,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीतून कुणीतरी आणून दिलं. मग रोज कुठल्या ना कुठल्या घरचं दूध येऊ लागलं. आम्ही कुणाकडे मागितलं नव्हतं.

त्या रविवारी मंडळीत शहरातून एक पाहुणे उपदेशक आले होते. माणूस बोलायला गोड होता. विश्वास पक्का असला की देव घर भरून देतो, आणि जिथं नुकसान होतं तिथं काहीतरी चुकलेलं असतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. उपासनेनंतर चहा घेताना कुणीतरी त्यांच्या कानावर आमच्या म्हशीची गोष्ट घातली. ते आईकडे वळले.

“बहिणी, तुमच्या घरात सैतानाला कुठंतरी दार उघडं राहिलंय. शोधून काढा. देव आपल्या लेकरांचं नुकसान उगाच होऊ देत नाही.”

ते मायेनंच बोलले, म्हणून आईला जास्त लागलं. घरी आप्पांना भात वाढता वाढता तिनं विचारलं, “गणपतीत मी काकीकडं जेवले. त्याचंच असंल का वो?”

“काकीनं मायेनं वाढलं, तू जेवलीस. त्याचा देव राग धरंल व्हय?”

“मग म्हस का गेली?”

“वाघाला भूक लागली म्हणून गेली.”

आईचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी काकी दूध घेऊन आली, तेव्हा आईनं तांब्या घेतला, पण मान वर केली नाही. काकी क्षणभर दारात थांबली आणि निघून गेली. आप्पा ओसरीवर दोरी वळत बसले होते. त्यांनी हे सगळं पाहिलं. मला वाटतं, त्यांनी तिथंच ठरवलं.

पुढच्या रविवारी साक्षीची वेळ झाली आणि आप्पा उभे राहिले. लोकांनी माना वळवून पाहिलं. समोरच्या बाकाची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

“माझी म्हस वाघानं मारली, ते तुम्हाला ठाऊक हाय,” ते म्हणाले. “चूक कुठं झाली ते शोधा, असं आम्हाला सांगितलं. आम्ही शोधलं. चुका पुष्कळ सापडल्या. पण त्या म्हस दूध देत हुती तवाबी हुत्या. तवा कुणी आम्हाला विचारलं न्हाई.”

कुणीतरी खोकलं. आप्पा आवाज जरा खाली आणून बोलले.

“दुसरं एक सापडलं, ते सांगायला उभा ऱ्हायलोय. म्हस गेल्यापासून आमच्या घरात एक दिवस दुधाचा खाडा न्हाई. गावातली माणसं आणून देत्यात. ती आपल्या देवळात येत न्हाईत. पण ते दूध देवानंच धाडलंय, असं मला वाटतंय. त्याबद्दल मी त्याचे उपकार मानतो. त्यांचेबी मानतो.”

ते खाली बसले. नेहमीसारखं लगेच ‘आमेन’ आलं नाही. मग पुढून आमच्या वयस्कर पाळकसाहेबांनीच ते हळू म्हटलं, आणि मागून एकेक आवाज आला. आई मांडीवरच्या हातांकडे बघत होती. त्या संध्याकाळी ती स्वतःहून काकीकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. दोघींत काय बोलणं झालं, ते मी कधी विचारलं नाही.

काही महिन्यांनी सरकारची भरपाई मिळाली. त्यात थोडी भर घालून आप्पांनी गुंद गावाकडून व्यायला झालेली म्हैस आणली. व्याल्यावर ती पहिलीपेक्षा जास्त दूध देऊ लागली. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना फार आनंद झाला.

“बघा, तुमच्या साक्षीचं फळ मिळालं,” ते म्हणाले. “देवानं आधीपेक्षा चांगली दिली.”

“म्हस चांगली हाय,” आप्पा म्हणाले. “पण ही दिली म्हणून देव चांगला, असं म्हणू नका. पहिली मेली त्या दिवशीबी तो चांगलाच हुता. उद्या हिलाबी वाघानं नेलं, तर मी काय, देव बदलू?”

ते गृहस्थ हसले आणि त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

मी आता बेळगावात एका दवाखान्यात नर्स आहे. माझ्या मावसभावांच्या दारात गाड्या उभ्या असतात आणि त्यांचा हेवा वाटत नाही म्हटलं तर खोटं होईल. आमचं घर अजून कौलांचंच आहे. पण लग्नाकार्यात कुणी ‘तू कुणाची गं?’ विचारलं, की मी आप्पांकडे बोट दाखवते. त्या वेळी माझा आवाज जरा मोठा होतो, असं माझा नवरा म्हणतो. होत असेल.

आमच्या मंडळीतल्या साक्षी आता पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. आप्पांच्या साक्षीनंतर काही आठवड्यांनी एक बाई उभी राहिली. नवऱ्याचं पिणं सुटलेलं नव्हतं, पण बहीण रोज रात्री फोन करते, त्याबद्दल तिनं उपकार मानले. मग मुलगा नापास झालेला एक बाप उठला. नोकरीच्या, गाडीच्या साक्षी अजूनही होतात आणि आप्पाच सगळ्यांत आधी ‘आमेन’ म्हणतात. फक्त सगळं आटपायला उशीर होतो. दुपारची बस बऱ्याचदा चुकते आणि आई-आप्पा स्टँडवर भजी खात पुढच्या बसची वाट बघतात.