पिठाचे हात

भाकरी थापताना बाईच्या बांगड्या वाजतात. पुरुषाने थापली तर नुसता हाताचा आवाज येतो. पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीत, जिथे शेजारच्याचा खोकलासुद्धा आपल्याच घरातला वाटतो, तिथे हा फरक कुणालाही कळतो. आमच्या घरी भाकरी बाबा करायचे, आणि ही गोष्ट त्या ओळीतल्या दहा खोल्यांपासून लपवून ठेवणं हे माझं लहानपणीचं काम होतं.

आईबाबा मराठवाड्यातून चाकणला आले ते कामासाठी. बाबा एका वर्कशॉपमध्ये कायमचे तिसऱ्या शिफ्टला. आई वायरिंगच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला, कंपनीची बस सहाला नाक्यावर यायची. ती गेली की दोन तासांनी बाबा यायचे, हातपाय धुऊन ज्वारीचं पीठ काढायचे आणि भाकऱ्या थापायला बसायचे. त्यांच्या भाकरीला असा काही पदर सुटायचा की आईसुद्धा मान्य करायची, मला अशी जमत नाही. पण हे दार लावून. दार लावलेलं असायचं आणि टीव्ही मोठ्याने चालू असायचा.

मी नऊ वर्षांची असताना घरमालकीण काकू अचानक दारात आल्या. जुन्या गावातल्या, जमीनवाल्या, सगळ्या ओळीवर त्यांचा वचक. टीव्ही त्या दिवशी लाइट गेल्यामुळे बंद होता. काकूंनी बाहेरूनच विचारलं, आई तर कामावर गेली, मग भाकरी कोण थापतंय? बाबांनी एका क्षणात लुंगीला हात पुसले, पलंगावर आडवे झाले आणि तोंडावर चादर ओढली. रात्रपाळी करून झोपलेला माणूस. मी परातीत दोन्ही हात बुडवले आणि तसेच पिठाचे हात घेऊन दार उघडलं.

"मी," म्हणाले.

काकू बघतच राहिल्या. "एवढीशी पोर भाकरी थापतीया! व्हय गं, तूच?"

मी हात पुढे केले. पुरावा बिनतोड होता. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी आईच्या जुन्या बांगड्या माझ्या हातात घातल्या आणि मला शेजारी बसवलं. ते थापायचे, मी हात हलवत पाढे म्हणायचे. आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा आम्हा दोघांच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं.

मग माझं नाव झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी मला सगळ्या बायकांपुढे उभं केलं. ओळीतल्या दोन मुलींनी माझ्यामुळे बोलणी खाल्ली, त्या माझ्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हत्या. मला मात्र हे फार आवडायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. न केलेल्या कामाचं कौतुक गोडच लागतं. खरी भाकरी शिकायची वेळ आली तेव्हा बाबांनीच हाकललं. "तू पुस्तक घेऊन बस माय, हे मी बघतो," म्हणायचे. त्यांना मला चुलीपासून लांब ठेवायचं होतं. आणि गावभर मी सुगरण होते.

याच नावावर माझं लग्न जमलं. मी तेव्हा माण गावातल्या एका आयटी कंपनीत टेस्टिंग करत होते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेत होते. स्थळ काकूंच्याच ओळखीतून आलं. पोरगी शिकलेली आहेच, पण नऊ वर्षांची असल्यापासून भाकरी थापते, असं त्यांनी छातीठोक सांगितलं. सासरी, पुनावळ्यातल्या फ्लॅटमध्ये, माझ्या पहिल्या भाकरीचे परातीतून उचलतानाच तीन तुकडे झाले. मी पिठाला दोष दिला. दुसऱ्या दिवशी तव्याला. मग मी गुपचूप बाबांना फोन लावायचे. बाबाही त्यांच्या खोलीबाहेर, पार पाण्याच्या टाकीपाशी जाऊन हळू आवाजात सांगायचे, पाणी कढत घे, उंडा तळहाताच्या टाचेनं मळ. नाही जमलं ते नाहीच. सासूबाईंनी शेवटी नाद सोडला. मला त्या कधी टाकून बोलल्या नाहीत. बोल लागायचा तो आईला: आई कामावर जायची, मग पोरीला वळण कधी लावणार.

हे मला सहन होईना. वीस वर्षं पहाटेची बस धरलेल्या बाईने हे का ऐकून घ्यावं? मी ठरवलं, एकदा सगळ्यांसमोर खरं सांगून टाकायचं. आईवरचा ठपका जाईल आणि बाबांच्या हाताला त्याचं श्रेय मिळेल.

संधी मिळाली ती आईबाबा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा. पिठलं-भाकरीचा बेत होता. सासूबाई आईला हसत म्हणाल्या, तुम्हाला नोकरीपायी वेळच मिळाला नसेल हो हिला शिकवायला. मी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "आमच्या घरी भाकरी बाबा करायचे. मी नाही, आई नाही. बाबा."

सासरे बाबांकडे बघायला लागले. बाबा हसले, अगदी मोकळं, गडगडाटी.

"काहीबी सांगायली पोरगी. मला साधा चहा करता येत न्हाई."

सासरेही हसले. पुरुषांचं ते हसणं संपेपर्यंत आई ताटाकडे बघत होती. मग शांतपणे म्हणाली, खरंय, कामाच्या नादात राहूनच गेलं, चूक माझीच. मी संतापाने लाल झाले होते. माझ्या बाजूने खरं होतं, आणि खोटं ठरले होते मी.

त्यांना सोडायला स्टॉपवर गेले तेव्हा बाबांना विचारलं, असं का केलंत? ते रस्त्याकडे बघत म्हणाले,

"करायची लाज कधीच वाटली न्हाई, माय. सांगायची वाटती."

आईने त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि बस आली. मी घरी परतताना मनातल्या मनात त्यांना भित्रे म्हटलं. पुढची कितीतरी वर्षं म्हणत राहिले.

गेल्या महिन्यात सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, मनगट मोडलं. भाकरीवाचून त्यांचं जेवण होत नाही आणि मला भाकरी येत नाही. मग त्यांनी स्वयंपाकघरात स्टूल टाकलं आणि प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून माझ्या नवऱ्याला शिकवायला घेतलं. चाकणच्या प्लँटमध्ये रोबोट चालवणारा हा माणूस पहिले चार दिवस नकाशे थापत होता. पाचव्या दिवशी त्याची भाकरी टम्म फुगली. आम्ही तिघंही तव्याभोवती उभे होतो, सासूबाईसुद्धा स्टूल सोडून उठल्या होत्या.

तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी सासूबाईंची चौकशी करायला आल्या होत्या. मी नवऱ्याच्या पुढ्यातल्या परातीत दोन्ही हात बुडवले, जाता जाता कोपराने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि पिठाच्या हातांनी बाहेरचं दार उघडलं.

"भाकऱ्या चालल्यात वाटतं?" त्यांनी विचारलं.

"हो ना," मी म्हणाले, "सासूबाईंचा हात असा, मग काय करणार." त्यांना मी पाचच मिनिटांत वाटेला लावलं.

आत आले तर नवरा माझ्या हातांकडे बघत होता. "हे कशाला केलंस?" त्याने विचारलं. मी ठरवून काही केलंच नव्हतं. हात आपोआप गेले होते, बाबा ज्या चपळाईने पलंगावर आडवे झाले होते त्याच चपळाईने. ज्या माणसाला इतकी वर्षं भित्रा म्हटलं, त्याचीच मी पोर होते.

सासूबाई मात्र माझ्याकडे एकटक बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी बाबांबद्दल तू खरं बोलत होतीस."

मी मान हलवली. त्या पुन्हा स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, तुझ्या आईला मी फार बोलले गं.

हात धुतले आणि बाबांना फोन लावला. भाकरी फुगली म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं, मी केली. मी म्हटलं, मी नाही, ह्यांनी केली, आणि पदरही छान सुटलाय. मग त्यांनी अगदी हळू, टाकीपाशी उभं राहून बोलायचे त्या आवाजात विचारलं, "दार लावलंय का?"

मी बाहेरच्या खोलीत गेले, जिन्यावर उघडणारं दार सताड उघडलं, आणि मगच त्यांना सांगितलं, "नाही बाबा. उघडं आहे."