कोऱ्या कागदावरची सही

चाळीसगावच्या माझ्या दवाखान्यात मी रोज सकाळी लेटरहेडच्या आठ-दहा कोऱ्या कागदांवर खाली सही करून ठेवायचो. दुपारी मला धुळ्याच्या दुसऱ्या दवाखान्यात जायचं असे. मागे कोणी आजारपणाचा दाखला मागायला आलं, तर आमचे म्हातारे कंपाउंडर भाऊ नाव-तारीख भरून तो देत. सगळेच डॉक्टर असं करतात, असं मी म्हणायचो. किती निर्लज्ज वाक्य!

मग मेडिकल कौन्सिलची नोटीस आली. ‘रुग्णास मी आज स्वतः तपासले’ असा माझ्या सहीचा दाखला एका शिक्षकाला दिला गेला होता. त्या दिवशी तर धुळ्यात माझ्याच हर्नियाचं ऑपरेशन चालू होतं!

आता नोंदणी रद्द होते की काय, अशी धास्ती मला बसली. तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाले, “डॉक्टर, सही बी मीच करेल शे, आसं लिखी द्या. मन्हं काय जाई? मन्हाकडे लायसनच नही शे.”

मी त्यांच्यावर खेकसलो. कारण ‘सहीही भाऊंनीच केली’ हेच वाक्य मी दोन दिवस मनात घोळवत होतो.

खुलासा लेटरहेडवर पाठवायचा होता. मी खण उघडून पॅड काढलं. पहिल्याच कागदावर, खाली उजवीकडे, माझी सही आधीच केलेली होती. वर खरं लिहायचं की खोटं, एवढंच बाकी होतं.